टाकीजवळचं झाड

६ ऑक्टोबर

ठण्ण—ठण्ण—ठण्ण!

दोरीवर फांद्या टांगता टांगता आज तो आवाज कानात वाजला. खरा नव्हे, सदतीस वर्षांपूर्वीचा. जुन्या लाकूडगिरणीच्या करवतीचं ते गोल पातं अंगणातल्या ओकला टांगलेलं. अजून तिथंच आहे, गंजून तांबडं झालंय. हेलिकॉप्टरची घरघर आली, किंवा खालच्या वळणावर पोलिसांची गाडी दिसली, की माझी बायको लिओना हातोडी घेऊन ते बडवायची. मग पुढच्या डोंगरावरचं पातं वाजायचं, मग त्याच्या पुढचं. सगळं खोरं जागं व्हायचं आणि रानात पसार! लोकांना तो भीतीचा आवाज वाटत असेल. मला त्यात लिओनाचं मनगट दिसतं.

आज चार झाडं कापली. पाचवं ठेवलं. टाकीजवळचं.

ते लिओनाचं. म्हणजे तिनं तीस वर्षं निवडून, जोड्या लावून घडवलेलं गांजाचं वाण. संत्र्याची साल नखानं सोलावी तसा वास, आणि त्याच्या मागून ओल्या दगडाचा. जगात दुसरीकडे कुठंही नाही, कारण तिनं कधी कुणाला फांदी दिली नाही. ती जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या वाणाचं हे एवढं एकच झाड उभं आहे, आणि तेही फुलोऱ्यात. गांजाचं झाड एकदा फुललं की संपलं. पानगळीत मरायचं हे त्याला पाठ असतं.

तर मी त्याला मागं आणणार. फुलातून परत पानात. म्हातारपणातून परत शाळेत!

रोज चार ओळी लिहीत जा, असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तापानंतर डोकं जागेवर राहील म्हणे. म्हणून ही वही. लिहायला बसण्याआधी दाराला कडी घातली. छत्तीस साली नव्हे, शहाऐंशी साली (बघा, डोकं!) पोलिसांनी लिओनाची वही उचलून नेली. कुठल्या झाडाशी कुठलं झाड जोडलं, कुठल्या उतारावर काय लावलं, सगळं तिच्या सुबक अक्षरात. तीच पुरावा झाली. चाळीस दिवस आत होती ती. तेव्हापासून या घरात नियम—कागदावर काही नाही. नाव नाही, तारीख नाही, कुंडीला पाटी नाही. जे काय ते डोक्यात.

आता कायद्यानं घरटी सहा झाडं चालतात. नियम मात्र हाडात बसलाय.


७ ऑक्टोबर

हेस्टर आली. ती दार वाजवत नाही, लाथ मारते. ओढ्यापलीकडची; शहात्तर वर्षांची; पन्नास वर्षं तोंडात पाइप.

"मास्तर, हे एक का ठेवलंस? देवाला सोडलंस का?"

मी कधीच मास्तर नव्हतो. शाळेतल्या कविता म्हणत हिंडतो म्हणून ती चिडवते.

सांगितलं. ती मान हलवत राहिली. "फांदी तोडून लाव की सरळ."

"फुललेली फांदी मुळं धरेल याचा भरवसा नाही, हेस्टरबाई. निम्म्या कुजतात. आधी झाड परत वाढीला लागू दे, मग हवी तेवढी कलमं."

"आणि नाही लागलं तर?"

"लागणार."

"तुला कुणी सांगितलं?"

"लिओनानं केलं होतं एकदा. मी बघत होतो."

"बघत होतास! माझा नवरा चाळीस वर्षं मला स्वयंपाक करताना बघत होता. मेला तेव्हा अंडं उकडता येत नव्हतं त्याला."


८ ऑक्टोबर

दोष माझाच, हे लिहून टाकतो. मूळ रोपं लिओनाच्या शिवणाच्या खोलीत असत. तिथं वर्षभर दिवा, तिथं कधी पानगळ नाही. फेब्रुवारीत त्यांची दोन कलमं काढली होती; बाकीची चार रोपं हेस्टरच्या वाणाची. मे महिन्यात मला ताप आला. हेस्टरनं गाडीत घालून इस्पितळात नेलं. सहा आठवडे. सहा लहान रोपं तिनंच जमिनीत लावली, पाणी घातलं. पण शिवणाच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली माझ्या कमरेला! शहाऐंशीपासूनची सवय. परत येऊन उघडली तर मूळ रोपं वाळून काडी झालेली.

जुलैत कलमं घ्यायची होती. अंगात जीव नव्हता. उद्या घेऊ, उद्या घेऊ. आणि एके सकाळी फुलं.

तापानं आणखी एक नेलं—नाक. कॉफी म्हणजे गरम पाणी. लिओनाच्या शालीलासुद्धा वास नाही.


९ ऑक्टोबर

आज केलं!

वरची जाड फुलं कापली. खालच्या तिसऱ्या हिश्शाला हात लावला नाही. तिथं बारीक फुलं आणि थोडी हिरवी पानं ठेवली—पान नसेल तर झाड जेवणार कशानं? गड्डा खणून काढला, कडेची मुळं सुरीनं छाटली, मोठ्या कुंडीत नवी माती. कोंबडीखताचं पाणी, पातळ. ढकलगाडीवरून शिवणाच्या खोलीत. दिवा डोक्यावर—रोज अठरा तास.

म्हणजे फसवणूकच. बाहेर दिवस आखूड होत चाललाय आणि आत मी सांगतोय, जून आहे, जून आहे.

पाठ धरली. पण काय झोकात दिसतंय! छाटलेलं, बोडकं, नव्या कुंडीत ताठ. शाळेच्या पहिल्या दिवशी केस कापून पाठवलेल्या पोरासारखं.


१० ऑक्टोबर

काही नाही. असणारच नाही. एक दिवस झालाय.


१५ ऑक्टोबर

दुपारभर खोलीत बसलो. लिओनाचं शिवणयंत्र, दिव्याची गुणगुण, झाड. कविता म्हटल्या. नेब्रास्कातल्या आमच्या एका खोलीच्या शाळेत मिस थेलँडर होत्या. लाकडी पट्टी बाकावर आपटून ठेका धरायच्या, आणि ठेका चुकला की तीच पट्टी बोटांवर. बाहेर वाऱ्यानं मक्याचं रान सळसळायचं. मला वाटायचं तेसुद्धा पाठांतर करतंय. सगळ्या कविता अजून येतात. परवा जेवलो काय ते आठवत नाही.

लिओना म्हणायची, "झाडांना कविता नको रे, पाणी घाल."

आज स्वतःचीच केली.

परत ये रे पाना, तुझं पटावर नाव आहे,
फुलून गेलास म्हणून काय, तुझा बाक रिकामा आहे.

मिस थेलँडरनी पट्टी मारली असती. असू दे.


२२ ऑक्टोबर

पिवळं पडतंय. खालची चार पानं गळाली. जुनी फुलं तपकिरी. हेस्टर दारात उभी राहून म्हणाली, "प्रेत आहे मास्तर. फार तर देखणं प्रेत."

म्हटलं, थांब.

लिओनाच्या वेळी तेरा दिवस काहीच नव्हतं. आज तेरावा. आठवण म्हणजे काही पुरावा नाही, पण माझी या बाबतीत पक्की आहे.


२८ ऑक्टोबर

आलं!!

तपकिरी फुलाच्या पोटातून एक कोंब. चष्मा पुसून पाहिला. हिरवा, कोवळा, हरभऱ्याएवढा. आणि त्याचं पहिलं पान—गोल! एकच बोट, कडेला दाते नाहीत, थोडं मुरडलेलं. गांजाच्या पानाला पाच बोटं असतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण मागं फिरलेल्या झाडाचं पहिलं पान असंच येतं. ते स्वतःचं पान विसरलेलं असतं. आधी एक बोट, मग तीन, मग पाच. पुन्हा मुळाक्षरांपासून.

हेस्टरला हाक मारून आणलं.

"रोग पडलाय याला."

"रोग नाही, बालवाडी आहे!"

"मास्तर, तू आत किती वेळ बसतोस त्या दिव्याखाली?"

रात्री जेवायला बीन्स आणि मक्याचा पाव. दोनदा वाढून घेतलं.


५ नोव्हेंबर

लिहू की नको असं झालंय.

आता सात-आठ कोंब आहेत. हेस्टर बराच वेळ बघत राहिली. पाइप विझला तरी पेटवला नाही. हे तिचं नेहमीचं नव्हे.

"तुला एक सांगायचंय. ओरडू नकोस."

"सांग."

"मे महिन्यात रोपांचा ट्रे घेऊन उतारावरून येत होते ना, तेव्हा पडले."

"लागलं?"

"मला नाही, ट्रेला. सगळी रोपं घरंगळली. गोळा केली आणि लावली."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ट्रेमध्ये लिओनाची दोन होती, डाव्या कोपऱ्यात, आणि चार हेस्टरच्या वाणाची. डावीकडची दोन टाकीजवळ लाव, असं मी तिला तापात सांगितलं होतं. त्यातलं एक सप्टेंबरच्या धुक्यात बुरशीनं गेलं. उरलेलं हे.

किंवा हे नव्हेच.

"सगळी सारखीच दिसत होती रे! कशावर काही लिहिलेलं नाही—"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू मरायला टेकला होतास! आणि नाव लिहायचं नाही हे मला शिकवलं कुणी? तूच ना? की मी स्वप्नात शिकले?"

बरोबर आहे. मीच शिकवलं.

तिला घरी पाठवलं. मग कोठीत गेलो. दोरीवर चार झाडांच्या फांद्या, वाळून खडखडीत. त्यातल्या लिओनाच्या असतील तर त्यांना आता कुठलाही दिवा जून दाखवू शकत नाही. एकेक नाकाशी धरली.

काही नाही. गवत.


६ नोव्हेंबर

सहात दोन. एवढीच शक्यता.


७ नोव्हेंबर

तरी पाणी घातलं. शाळेत पोर आपलं नाही असं कळलं म्हणून काय मधल्या सुट्टीत उपाशी ठेवतात?

आणि खरं सांगू? मला वाटतं हे तिचंच आहे. कसं वाटतं ते विचारू नये.


९ नोव्हेंबर

वास ओळखणारं कोण उरलंय? हेस्टरच्या नाकाला पाइपनं कधीच पेन्शन दिली. तिच्या वाणाला डिझेलचा वास आहे, आणि तिला स्वतःलाच तो येत नाही. लिओनाच्या वाळल्या फुलांची शेवटची बरणी तिच्या अंत्यविधीला आम्ही ओकखाली संपवली. एकच माणूस आहे—कोरा. माझी मुलगी. ती याच वासात वाढली.

ती रीनो शहरात राहते; तिकडे फोन केला.

"बाबा, बरा आहेस ना?" पहिला प्रश्न तोच. मी फोन करतो म्हणजे कुणीतरी मेलं असणार.

सगळं सांगितलं. झाड, ट्रे, नाक. मग मुद्द्यावर आलो.

"एकदा येऊन नुसता वास घे. कॉफी पी आणि जा."

"बाबा, शाळेच्या बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, माहितेय तुला? माझ्या स्वेटरला तो वास यायचा. बाबा काय करतात विचारलं की मी सांगायचे, सुतार. नऊ वर्षांची होते मी. दारात उभी होते, आणि आईला बेड्या घातल्या. तो वास विसरायला मला वीस वर्षं लागली. आणि तू म्हणतोस, ये आणि ओळख!"

मी म्हटलं, "नको येऊस."

"रागावलास?"

"नाही गं. बाकीचं बोल. गुडघा कसाय?"

गुडघ्यावर दहा मिनिटं बोललो.

फोन ठेवल्यावर तो दिवस पुन्हा उभा राहिला. लिओनानं पातं बडवलं, पण वेळ निघून गेली होती. ते पायवाटेनं चढून आले होते. ट्रक भरला तेव्हा उरलेली झाडं एका पोरगेल्या शिपायाच्या गाडीत कोंबली. नाव पिकेट. रोलंड पिकेट. चोवीस-पंचवीसचा असेल, कान लालबुंद. कोराकडे बघवेना त्याला. लिओना बेड्यांसकट त्याला म्हणाली, "काच खाली कर पोरा, नाहीतर घुसमटशील." त्याचे कान आणखी लाल झाले.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता कागदावर आलं. आभाळ काही कोसळलं नाही.


१८ नोव्हेंबर

तीन बोटांचं पान! कडेला दाते! मधलं बोट लांब, दोन आखूड—वर्गात उत्तर येतंय पण हात अर्धाच वर केलाय.

हेस्टर सफरचंदाचा केक घेऊन आली. भांडण झाल्यापासून पहिल्यांदा. लाथ मारली, पण हळू.

"अजून रागावलायस का?"

"केक कसला आहे त्यावर आहे."

"जळलाय."

"मग रागावलोय."

दोघांनी खाल्ला. चव मलाही कळत नाही, तिलाही नाही. कुणाची तक्रार नाही.


३० नोव्हेंबर

कोराचा फोन. तिनं आपण होऊन केला. हवा, गाडीचे टायर, गुडघा. ठेवताना म्हणाली, "आणि ते झाड?"

"तीन बोटं."

"बरं," म्हणाली. आणखी काही नाही. पण ते 'बरं' मी तीनदा आठवलं.


८ डिसेंबर

पाच बोटं. पुरती पाच, हिरवीगार, ताठ. आणि एक नव्हे, आठ फांद्यांवर! शहाऐंशीत हेलिकॉप्टरमधून जशी दिसत असतील तशी. झाड मागं फिरलं. पानगळीच्या तोंडातून परत आलं. साठ दिवस लागले. मिस थेलँडर असत्या तर आज पट्टी खाली ठेवली असती.

देठ चोळला, बोटं हुंगली. काही नाही.

कलमं मंगळवारी घेणार, बारा. ज्याची असतील त्याची असोत! लिओनाची असतील तर लिओनाची. नसतील तर हेस्टरच्या वाणाला घरात जागा देऊ, आणि मी मरेपर्यंत ते लिओनाचं म्हणून वाढवीन. नाही—खोटं लिहितोय. नसतील तर ती दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी माझ्या हातून.


११ डिसेंबर

समुद्रावरून वादळ. दोन दिवस सूर्य नाही. छतावरच्या सौर पत्र्यांना काही मिळत नाही. बॅटऱ्या बसल्या. जनरेटर लावला. फोन बंद.


१२ डिसेंबर

मंगळवार. कलमं नाहीत. पहाटे जनरेटरच्या खोलीत गुडघाभर पाणी. खोकला, खोकला, मेला.

दिवा गेला. खोलीत दुपारीही संधिप्रकाश. असा अंधार आणखी थोडे दिवस राहिला की झाड समजेल आपल्याला फसवलं, आणि पुन्हा फुलायला लागेल. दुसऱ्यांदा एवढा प्रवास ते करायचं नाही. मीही नाही. स्टोव्हमध्ये लाकडं घालून खोली ऊबदार ठेवलीय. जुन्या फुलांना उबेनं वास सुटला असेल. असेल.


१३ डिसेंबर

हेस्टरकडे लहान जनरेटर आहे. पण ओढा चढलाय आणि वाटेवर रेडवूडचं एक प्रचंड झाड आडवं पडलंय. माझ्या वयाला ते ओलांडणं म्हणजे बातमी होणं.

दुपारी हातोडी घेतली आणि ओकखाली गेलो.

ठण्ण—ठण्ण—ठण्ण!

सदतीस वर्षांत हात लावला नव्हता. गंज उडाला, पातं तेच. काय आवाज! सगळं खोरं भरून गेलं. तीनदा तीन वाजवलं, थांबलो, पुन्हा तीनदा तीन. खांदा निखळेपर्यंत. पुढच्या डोंगरावरून कुणीतरी परत वाजवेल म्हणून कान देऊन उभा राहिलो. हेस्टरनं तिचं पातं कधीच भंगारात विकलंय हे मला माहीत आहे. तरी उभा राहिलो.

पाऊस.


१४ डिसेंबर

सकाळी दारावर थाप. हेस्टर थाप मारत नाही.

उघडलं. पिवळा रेनकोट, हातात साखळीची करवत, पांढऱ्या मिशा. मागं, रस्ता मोकळा करत फिरणाऱ्या स्वयंसेवकांची गाडी. ओळखलं नाही. मग त्यानं टोपी काढली. कान अजून तेवढेच लाल.

"काल पातं ऐकलं, खाली पुलापाशी," रोलंड पिकेट म्हणाला. "पूर्वी ते वाजलं की आम्हाला कळायचं, आपण पोचेपर्यंत सगळे पळालेले असणार. म्हटलं, या वेळी तरी वेळेवर पोचू. झाड कापायला रात्र गेली. बरे आहात ना?"

मी दारातून बाजूला झालो. तो बूट पुसून आत आला आणि पायपुसण्यावरच थबकला. मान वर केली. शिवणाच्या खोलीच्या उघड्या दाराकडे बघत राहिला.

"अरे देवा," हळूच म्हणाला. "हे अजून आहे? संत्र्याची साल! दोन उन्हाळे माझ्या गाडीतून जाईना. काचा खाली करून फिरायचो. बायको म्हणायची, गाडी तरी विक नाहीतर मला तरी सोड. तुमच्या बाईंचं ना हे? बाई कशा आहेत?"

त्याचा जनरेटर आता ओसरीत घरघरतोय. दिवा लागला. तो बाहेर तारा नीट करतोय.

मी त्याच्याकडे जाड शाईचं पेन मागितलं. त्यानं खिशातून काढून दिलं. कुंडीवर मोठ्या अक्षरात लिहिलं—लिओना.